ऐवळेमामांचं ‘होय’

“नोकरीत आजवर कधी वरिष्ठांशी खोटं बोललात?”

माझ्या छातीभोवती दोन रबरी नळ्या आवळलेल्या, दंडाला रक्तदाब मोजायचा पट्टा, बोटांना चिमटे. समोर कोरी भिंत. प्रश्न विचारणाऱ्या देवस्थळी मॅडम माझ्या पाठीमागे बसलेल्या, त्यामुळे त्यांचा नुसता आवाज यायचा, तोही थंडगार. उत्तर होय किंवा नाही, एवढंच द्यायचं होतं.

माझ्या डोळ्यांपुढे सासूबाई उभ्या राहिल्या. रजेसाठी मी त्या बिचारीचं काय काय केलं नव्हतं! जिन्यावरून पाडलं होतं, दवाखान्यात भरती केलं होतं, आणि मागच्या दिवाळीत कुणी रजा देईना तेव्हा सरळ मारूनच टाकलं होतं. मी माहेरी करंज्या तळत होते आणि त्या इकडे पोलीस लाइनीत क्वार्टरच्या दारात बसून लसूण सोलत होत्या. लाइनीत सगळ्यांना ठाऊक होतं, पण सांगणार कोण? प्रत्येक घरात असं एखादं मेलेलं माणूस चालतं-फिरतं होतंच.

“नाही,” मी म्हणाले. छाती अशी धडधडली की मला वाटलं, संपलं, पकडली गेले.

“मुख्यालयातलं ते पिस्तूल तुम्ही घेतलंत?”

“नाही.” हे खरंच होतं, त्यामुळे मला काहीसुद्धा वाटलं नाही.

मी तेव्हा जिल्हा पोलीस मुख्यालयात शिपाई होते. नलिनी कोळेकर. आता निवृत्त होऊनही बरेच दिवस झाले, पण त्या आठवड्याचं सांगायला बसले की अजून माझा आवाज चढतो, तेवढं चालवून घ्या. शस्त्रं ठेवायच्या खोलीला आम्ही कोत म्हणतो. तिच्यावरच्या पहाऱ्यात आम्ही चौघं होतो. मी, सलीम इनामदार, खिलारे आणि आमचे प्रमुख, हवालदार ऐवळेमामा. एका सकाळी पहारा बदलताना शस्त्रं मोजली आणि एक पिस्तूल कमी भरलं. पोलिसांच्या घरातून पिस्तूल जाणं म्हणजे काय, हे पोलिसांच्या घरातल्यांनाच कळेल. फरशा तेवढ्या उखडायच्या राहिल्या होत्या. पिस्तूल काही मिळालं नाही.

नवे एसपी माथूर साहेब उत्तरेकडचे, तरुण. मराठी नेटाने शिकलेले, पण पुस्तकातून, त्यामुळे बोलायला लागले की धडा वाचताहेत असं वाटायचं. त्यांनी आम्हा चौघांना समोर उभं केलं आणि म्हणाले, “मी कोणावरही संशय घेणार नाही. जुन्या पद्धतीने दमदाटी होणार नाही. यंत्र सांगेल.” माणूस मनाने वाईट नव्हता. मारहाणीपेक्षा मशीन बरं, असंच त्यांना वाटत होतं. संमतीचा कागद पुढे आला. नाही म्हणायचा तुम्हाला अधिकार आहे, असं त्यावर छापलेलं होतं. पोलिसात राहून साहेबांना नाही कोण म्हणतं? सह्या झाल्या आणि आम्हाला गाडीत घालून शहरातल्या प्रयोगशाळेत, खोटं पकडायच्या मशीनपुढे नेलं.

माझ्यानंतर ऐवळेमामा आत गेले. जाताना टोपी सारखी केली, पट्टा ओढून बघितला. मामांचं हे असंच. आपल्या पहाऱ्यात झालेली कुठलीही गोष्ट आपली, हा त्यांचा नेम. कोतीच्या पत्र्यावर माकड चढलं तरी साहेबांसमोर जाऊन “चूक माझी” म्हणणारा माणूस. चहात साखर जास्त झाली म्हटलं की आधी तेच ओशाळायचे, चहा दुसऱ्याच कुणी केलेला असला तरी. पिस्तूल गेल्यापासून तर ते जेवणावर नुसते बसत आणि उठत.

बाकीचे आम्ही लवकर सुटलो होतो. मामा मात्र येईचनात. खिलारे बाकावर बसल्या बसल्या पेंगायला लागला. अखेर ते बाहेर आले, तर चेहरा अंघोळ करून आल्यासारखा मोकळा.

“मामा, एवढा वेळ काय करत होतात?” मी विचारलं.

“आगं, त्या बाईंनी इचारलं, वरिष्ठांशी कधी खोटं बोललायसा का? म्हटलं, व्हय. म्हणल्या, काय बोललायसा? मग सांगत बसलो.”

“काय सांगितलंत?”

“सगळंच. जत्रेच्या बंदोबस्तात डुलकी लागली आन् राउंडवर हुतो म्हणून सांगितलं, ते. साहेबांच्या टेबलावरची काच फुटली आन् मांजरावर घातलं, ते. बदलीच्या निरोपाला एका साहेबांचं भाषण लई चांगलं झालं म्हणालो हुतो, तेबी. शेवटी बाई म्हणल्या, याशिवाय काही? म्हटलं, आता पोतं रिकामं झालं.”

इनामदार आणि खिलारे इतके हसले की प्रयोगशाळेचा शिपाई दार उघडून बघायला आला.

“मामा, कमाल आहे तुमची,” इनामदार म्हणाला, “आम्ही ‘नाही’ म्हणून मोकळे झालो की.”

“पर बाईंनी आधीच सांगितलं हुतं न्हवं, खरं बोला म्हणून?” मामा अगदी भाबडेपणाने म्हणाले. मग त्यांचा चेहरा उतरला. “पिस्तुलाचं इचारलं तवा मात्र काळीज तोंडात आलं बघ, नलू. माझ्या पहाऱ्यातनं गेलंय ते.”

निकाल आला. मी खरी, इनामदार खरा, खिलारे खरा. ऐवळेमामा खोटे. त्याच दिवशी त्यांना निलंबित केलं, अंगावरची वर्दी उतरवली. आता बडतर्फी आणि चोरीचा गुन्हा, दोन्ही दारात उभे होते. लाइनीतल्या नळावर बायका कुजबुजायला लागल्या. मामींनी नळावर येणंच सोडलं, मीच त्यांच्या घागरी भरून देऊ लागले.

मग ओआर लागली. ओआर म्हणजे ऑर्डर्ली रूम, साहेबांचा दरबार म्हणा ना. तिथे कसूरदाराला विनाटोपी, विनापट्टा उभं करतात आणि साहेब शिक्षा सुनावतात. विचारल्याशिवाय कुणी बोलायचं नाही, हा तिथला कायदा. मामा साध्या शर्ट-पँटीत टेबलासमोर सावधान उभे. आम्ही तिघं भिंतीला. शेजारी राखीव निरीक्षक घोरपडे साहेब, मिशीला पीळ भरलेला. अहवाल घेऊन देवस्थळी मॅडम मुद्दाम आल्या होत्या.

“ऐवळे,” साहेब म्हणाले, “यंत्र सांगते की आपण असत्य बोललात. पिस्तूल कोठे आहे ते सांगा.”

“साहेब, पहारा माझा हुता. नोकरी घ्या. पर चोरी मी केली न्हाई. तेवढं माझ्या नावावर लिहू नका.”

“मग यंत्र खोटे आहे का? मॅडम, यांना समजावून सांगा. म्हणजे अन्याय झाला असे कोणास वाटणार नाही.”

देवस्थळी मॅडमनी चष्मा सारखा केला. “हे बघा, नोकरी करणारा प्रत्येक माणूस कधी ना कधी वरिष्ठांशी खोटं बोललेला असतो. आम्ही तो प्रश्न मुद्दाम विचारतो. माणूस ‘नाही’ म्हणतो आणि आतून घाबरतो. ती भीती आम्ही मोजून ठेवतो. मग चोरीचा प्रश्न विचारतो. निर्दोष माणूस चोरीच्या प्रश्नाला त्याहून कमी घाबरतो, आणि चोर जास्त. या तिघांचं तसंच आलं, आधीच्या प्रश्नाला छाती धडधडली, पिस्तुलाच्या प्रश्नाला शांत. ऐवळ्यांचं उलट आहे. आधीचा प्रश्न सपाट, आणि पिस्तुलाला एकदम उसळी.”

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आणि त्या उजेडात पहिल्यांदा मीच दिसणार होते. मी इनामदारकडे बघितलं. तो जमिनीकडे बघत होता.

टेबलापाशी साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. मी पाऊल पुढे आपटलं.

“सर, बोलायची परवानगी असावी.”

घोरपडे साहेबांचे डोळे बाहेर यायचे राहिले. “कोळेकर! मागं हो!”

“सर, मी त्या मशीनशी खोटं बोललेय. म्हणून पास झालेय.”

साहेबांनी पेन थांबवलं. “स्पष्ट बोला.”

“सर, मागच्या दिवाळीत माझ्या सासूबाई वारल्या म्हणून मी रजा घेतली होती.”

“मला आठवतं,” घोरपडे साहेब मध्येच म्हणाले. “मीच मंजूर केली होती. दोन शब्द सांत्वनाचे बोललो होतो मी तुझ्याशी.”

“होय सर. फार चांगलं बोलला होतात. पण सासूबाई जिवंत आहेत. आत्ता लाइनीत पापड वाळत घालतायत.”

घोरपडे साहेबांचा हात मिशीवरून खाली आला.

“मला विचारलं, वरिष्ठांशी खोटं बोललात का,” मी बोलत सुटले, “मी नाही म्हणाले. छाती धाडधाड उडाली. त्या उडण्यामुळेच मी निर्दोष ठरले. ऐवळेमामांनी होय म्हटलं. होतं-नव्हतं ते सगळं सांगून टाकलं. मग त्या प्रश्नाला त्यांची छाती कशाला उडेल? उरलंच काय होतं लपवायला? आणि पिस्तुलाच्या प्रश्नाला उडाली, कारण पहाऱ्यातली टाचणी हरवली तरी त्यांची झोप उडते. सर, मामा माझ्यासारखे खोटं बोलले असते तर आज इथं उभे नसते.”

देवस्थळी मॅडम कागद चाळत होत्या. त्यांनी मान वर केली, आणि तेवढ्यासाठी मी त्यांना आजही मानते. त्या म्हणाल्या, “त्यांनी खरंच सगळं सांगितलं होतं. मला गंमत वाटली होती. अशा वेळी तो प्रश्नच बदलायला हवा होता. मी बदलला नाही.”

साहेबांनी पेनाचं टोपण परत लावलं. मग भिंतीकडे बघून म्हणाले, “ही एकटीची साक्ष आहे, आणि ती ऐवळ्यांच्या हाताखालची. इनामदार, खिलारे, आपण त्या प्रश्नावर काय सांगितले होते? आणि ते खरे होते का?”

खिलारेने उगाच पट्टा सारखा केला. इनामदार छताकडे बघायला लागला. खोटी रजा म्हणजे शिक्षा, आणि शिक्षा म्हणजे बढतीच्या वाटेत धोंडा. दोघांच्याही तोंडातून शब्द फुटला नाही.

“ठीक आहे. ऐवळे यांच्याबाबत निर्णय उद्या सकाळी. कोळेकर, खोटी रजा घेतल्याबद्दल आपल्याला उद्या जादा कवायत. पूर्ण साहित्यासह.”

बाहेर आल्यावर मामा माझ्यावरच उखडले. “कशाला त्वांड उघडलंस? माझं व्हायचं ते होणारच हुतं. तुझ्या नोकरीला डाग लागला की!”

“लागू द्या,” मी म्हणाले. इनामदार मागून “नलिनीताई, ऐका तरी” म्हणत आला, पण मी वळूनही बघितलं नाही. इतका संताप आला होता मला त्या दोघांचा.

घरी येऊन सासूबाईंना सगळं सांगितलं. कुणाकडून तरी कळण्यापेक्षा बरं. त्यांनी पापड उलटता उलटता विचारलं, “मेले कशानं मी?”

“झटका आला होता.”

“बरं झालं, हाल न्हाई झालं.” मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, “त्या ऐवळ्याची बायको परवा माझ्यापाशी रडत हुती. माझ्या मरणानं कुणाचं भलं हुणार असंल तर मार मला अजून दोनदा.” त्या रात्री त्यांनीच माझे बूट पॉलिश करायला घेतले. मी नको नको म्हणत राहिले.

सकाळी मैदानावर मी एकटी. पाठीवर भरलेली पिशवी, खांद्यावर रायफल. घोरपडे साहेब शिटी घेऊन उभे. आदल्या वर्षीच्या सांत्वनाचे शब्द त्यांना बहुतेक व्याजासकट वसूल करायचे होते. “दौड के चल!” झालं आणि मी धावायला लागले. मैदानाच्या कडेला बघे जमत होते.

पिस्तुलाचं पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकते. ते चोरीला गेलंच नव्हतं. प्रशिक्षण केंद्रात गोळीबाराच्या सरावासाठी इथून पेट्या गेल्या होत्या. त्यातल्या एका पेटीच्या तळाशी, चिंध्यांखाली ते पडलं होतं. काही आठवड्यांनी तिथल्या लोकांना सापडलं. म्हणजे मशीनने न झालेल्या चोरीचा चोर पकडला होता! पण त्या सकाळी हे कुणालाच ठाऊक नव्हतं. म्हणून पुढे जे झालं त्याची किंमत मला जास्त वाटते.

दुसरी फेरी संपत आली होती. बघ्यांतून ऐवळेमामा बाहेर आले. इस्त्रीचा शर्ट, पायात कवायतीचे बूट. घोरपडे साहेबांसमोर जाऊन सावधान उभे राहिले.

“साहेब, मलाबी घ्या.”

“ऐवळे, तुम्हाला शिक्षा दिलेली नाही.”

“खोटं तर मीबी बोललोय की वरिष्ठांशी. सगळं सांगून झालंय, लेखी हाय. तिला एकटीला का म्हणून?” आणि उत्तराची वाट न बघता ते माझ्या डाव्या अंगाला येऊन पळायला लागले. मला हुंदका आला, पण धावताना रडायची सोय नसते.

“मामा, गुडघा दुखतो ना तुमचा?” मी धापा टाकत म्हणाले.

“गप पळ.”

वळणावर आलो तर समोर इनामदार उभा. पूर्ण गणवेशात, रायफलसह. कडक सलाम ठोकून त्याने खणखणीत आवाजात सांगितलं, “सर, माझ्या मेहुण्याचं लग्न मी तीनदा लावलंय. मेहुणा अजून बिनलग्नाचा आहे. मशीनला नाही म्हणालो होतो. ते खोटं होतं.”

त्याच्या मागोमाग खिलारे. “सर, मला कावीळ झालीच नव्हती. मशीनला मीपण नाहीच म्हणालो होतो.”

“अरे, काय लावलंय काय!” घोरपडे साहेब ओरडले.

ते तर पुढेच होतं. बँडवाला दस्तगीर आला, त्याचे आजोबा त्याच्या जन्माआधीच गेलेले आणि त्याच्या रजेच्या अर्जात नुकतेच गेलेले. मोटार विभागातला ड्रायव्हर आला. स्वयंपाकघरातून हात पुसत आणखी दोघं आले. एकेक जण पुढे यायचा, आपलं खोटं मोठ्याने सांगायचा आणि रांगेत लागायचा. कुणीही हसलं नाही. मला माझ्या पासिंग परेडचा दिवस आठवतो, मंत्री आले होते, बँड होता. पण त्या सकाळच्या वेड्यावाकड्या रांगेसारखी परेड मी जन्मात दुसरी बघितली नाही.

“थम!” झालं तेव्हा आम्हाला कळलं की एसपी साहेब मैदानात आलेत. ते रांगेपुढून सावकाश चालत गेले. इनामदारपाशी थांबले.

“आपण यंत्राला नाही म्हणालात?”

“होय सर.”

“ते असत्य होते?”

“होय सर. काल बोलायला हवं होतं. धीर झाला नाही.”

खिलारेनेही तेच सांगितलं. मग साहेब मामांसमोर आले. मामांचा शर्ट घामाने पाठीला चिकटला होता, पण टाचा जुळलेल्या.

“ऐवळे, आता आपल्याला ठाऊक झाले आहे की होय म्हटल्याने माणूस अडकतो. पुन्हा यंत्रावर बसवले, तर त्या प्रश्नाला काय सांगाल?”

“व्हयच सांगणार, साहेब.” मामा जरा घुटमळले. “त्यात आणि एक वाढलंय. त्या दिवशी सही करताना तुम्ही इचारलं, यंत्रावर इश्वास हाय ना? मी व्हय म्हणालो. ते खोटं हुतं.”

कुणीतरी मागे खोकलं. घोरपडे साहेबांनी डोळे मिटून घेतले. माथूर साहेब मामांकडे बघत राहिले, आणि मग त्या पुस्तकी माणसाच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच आम्हाला माणसासारखं हसू दिसलं.

“अहवाल मी परत पाठवीत आहे,” ते म्हणाले. “पुढील तपास यंत्र करणार नाही, मी करीन. ऐवळे, घरी जा. गणवेश घालून या आणि आपल्या पहाऱ्याचा चार्ज घ्या.”

मामा गेले. आम्ही तसेच उभे होतो, कुणाला विश्राम म्हणायचंही सुचलं नाही. लाइनीकडून ते परत आले तेव्हा अंगावर वर्दी, डोक्यावर टोपी, पट्ट्याचं बक्कल चकचकीत. मागे दारात मामी उभ्या होत्या, पदर तोंडाला लावून. मैदानातल्या सगळ्यांच्या माना ताठ झाल्या. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता. असल्या माणसाच्या हाताखाली मी नोकरी केली, याचा अभिमान माझ्या छातीत मावत नव्हता.

घोरपडे साहेबही विरघळले होते. “चला, झालं. कोळेकर, पिशवी उतरव, जा घरी.”

“साहेब,” मामा म्हणाले, “तिच्या शिक्षेच्या दोन फेऱ्या राहिल्यात.”

“अहो ऐवळे, तिनं तुम्हाला…”

“व्हय साहेब. पर राहिल्यात.”

मी त्यांच्याकडे बघितलं. डोळे भरलेले होते त्यांचे, पण हवालदाराचा आवाज मैदानाच्या पार टोकापर्यंत गेला.

“कोळेकर! दौड के चल!”

मनात मामांना चार शिव्या हासडल्या, रायफल खांद्यावर घट्ट केली आणि धावले. पाय मोडायला आले होते, तरी त्या दोन फेऱ्यांत मी एकदाही वेग कमी केला नाही.